जर्मनीत ‘आंतरराष्ट्रीय सहकार्य’ शिकून आले: साडेतीन तारे

पाचपैकी साडेतीन तारे. शिकवण्याला साडेचार द्यावेसे वाटतात, आणि शिकून झाल्यावर विद्यापीठाने जे वाऱ्यावर सोडलं त्याला अडीच. मधला आकडा धरला.

कोर्स असा: जर्मनीतल्या एका सरकारी विद्यापीठाचा दोन वर्षांचा एम.ए., विषय आंतरराष्ट्रीय सहकार्य आणि विकास धोरण, माध्यम इंग्रजी. चार सेमिस्टर, १२० क्रेडिट, मध्ये सक्तीची इंटर्नशिप, शेवटी प्रबंध. विद्यापीठाचं नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारी आहेत आणि तिथल्या दोन बाई अजून माझी शिफारसपत्रं लिहितात. तसंही यातलं बरंचसं अशा कुठल्याही कोर्सला लागू पडेल. मी ऑक्टोबर २०२३ मध्ये गेले आणि २०२५ च्या ऑक्टोबरात गोव्यात, डिचोलीला परत आले. या दोन वर्षांत आमच्या विषयाखालची जमीनच सरकली. माहितीपत्रकात जे छापलं होतं आणि वर्गात जे घडलं, त्यात त्यामुळे बरंच अंतर पडलं. आणि सगळंच काही वाईटासाठी नाही.

आधी माझी पार्श्वभूमी, म्हणजे माझं मत किती मनावर घ्यायचं ते तुम्हाला ठरवता येईल. पणजीत अर्थशास्त्र घेऊन बी.ए. केलं आणि म्हापशात एका छोट्या संस्थेत लागले. काम कचरा वर्गीकरणाचं: पंचायतींच्या बैठका, शाळांतली प्रात्यक्षिकं, ओला-सुका वेगळा करणाऱ्या बायकांची पगारपत्रकं. पैसे युरोपातून यायचे, पण थेट नाही. ते पुण्यातल्या एका मोठ्या संस्थेकडे यायचे आणि तिच्याकडून आमच्याकडे. सप्टेंबर २०२० मध्ये परदेशी देणग्यांचा कायदा, म्हणजे एफसीआरए, बदलला. एका संस्थेने घेतलेला परदेशी पैसा दुसऱ्या संस्थेला द्यायला बंदी आली, प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आली, आणि सगळ्यांनी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एका ठरावीक शाखेत खातं उघडायचं ठरलं. आमचा ओघ पहिल्याच कलमात आटला. पुढचे दिवस स्थानिक देणग्यांवर रेटले. पैसा मुळात कुठून निघतो, वाटेत कोण अडवतो आणि का अडवतो, हे आमच्यातल्या कुणालाच धड सांगता येत नव्हतं. मला ते शिकायचं होतं. जीनिव्हाला संयुक्त राष्ट्रांच्या निळ्या झेंड्याखाली उभं राहून फोटो काढायची हौस अजिबात नव्हती असं मात्र म्हणणार नाही.

आता खर्च. शिकवणी फी नाही. बहुतेक जर्मन राज्यांत सरकारी विद्यापीठं परदेशी मुलांकडूनही ती घेत नाहीत (बाडेन-व्युर्टेम्बर्ग हे राज्य सेमिस्टरला १,५०० युरो घेतं, तेवढं आधी बघून घ्या). सेमिस्टरची वर्गणी तीनशे युरोंच्या आसपास, त्यात बस-रेल्वेचा पास. खरा घाम फोडतं ते ब्लॉक्ड अकाउंट. वर्षभर राहण्याखाण्याचे पैसे जाण्याआधीच भरून ठेवायचे, मग तिथे गेल्यावर ते दरमहा आपल्यालाच परत मिळतात. मी गेले तेव्हा ही रक्कम ११,२०८ युरो होती, म्हणजे दहा लाखांच्या घरात. सप्टेंबर २०२४ पासून ती ११,९०४ झाली आणि मधल्या काळात युरोही शंभरीपार गेला. बारा लाख धरून चला. शिवाय एपीएस प्रमाणपत्राचे १८,००० रुपये. तुमची पदवी खरी आहे की नाही याची ही तपासणी. ती झाल्याशिवाय व्हिसाचा अर्ज पुढे सरकत नाही. बाबांनी ठेव मोडली, मी माझी बचत घातली. गोव्यातल्या मुलांसाठी गोवा शिक्षण विकास महामंडळाची बिनव्याजी कर्ज योजना आहे, तिची चौकशी प्रवेश मिळायची वाट न बघता करून ठेवा. तिकडे मी आठवड्यातून दोन संध्याकाळी कँटीनमध्ये ताटं विसळायचे. २०२४ मध्ये किमान वेतन तासाला १२.४१ युरो होतं. त्यात वसतिगृहाचं भाडं सुटायचं आणि वर थोडं उरायचं.

पणजी-मडगावात एजंटांना तोटा नाही. मी ज्याच्याकडे गेले त्याने दहा मिनिटांत इंग्लंडमधला एक वर्षाचा मॅनेजमेंट कोर्स समोर ठेवला. “मॅडम, सहकार्यात स्कोप नाही.” जर्मन सरकारी विद्यापीठं एजंटला सहसा दमडी देत नाहीत हे कळल्यावर त्याचा सगळा सल्ला उलगडला. अर्ज स्वतः करा, अवघड काही नाही.

घरी निराळाच वाद. आजोबांचा जन्म १९६१ च्या आधीचा, त्यामुळे पोर्तुगीज नागरिकत्वाची वाट कागदोपत्री मोकळी होती. मडगावचे मामा म्हणाले, “काय गो, आधी पासपोर्ट कर, मग शीक सावकाश.” हिशोब त्यांचा चुकीचा नव्हता. वर्गात सासष्टीचा एक मुलगा होता, पोर्तुगीज पासपोर्टवर आलेला. त्याला ना व्हिसा, ना ब्लॉक्ड अकाउंट, ना कामाच्या दिवसांवर मर्यादा. आम्ही दोघं एकाच बाकावर बसून जगातल्या विषमतेवर टिपणं काढायचो. पण त्यासाठी भारतीय नागरिकत्व सोडावं लागतं, आणि मला परत येऊन इथेच काम करायचं होतं. मामा अजून तो विषय काढतात.

पहिलं वर्ष सरळ गेलं, खरं सांगायचं तर रटाळ. १९४४ ची ब्रेटन वूड्स परिषद, १९४८ चा मार्शल प्लॅन, १९५५ ची बांडुंग परिषद. श्रीमंत देशांनी राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के मदत द्यावी असं १९७० मध्ये संयुक्त राष्ट्रांत ठरलं. २०२४ मध्ये ते लक्ष्य गाठणारे देश चार, नॉर्वे, लक्झेंबर्ग, स्वीडन आणि डेन्मार्क. संख्याशास्त्र सक्तीचं होतं आणि त्यात बरेच जण लोळले. गुण तिकडे उलटे असतात, १.० म्हणजे अव्वल. माझा १.७ ऐकून आईने शेजारी कुणाला काही सांगितलं नाही.

प्रकल्प नियोजनाच्या पेपरला लॉगफ्रेम नावाचा तक्ता भरायचा असतो. चार ओळी, चार रकाने: काय साधायचं, ते कशावरून मोजायचं, पुरावा कुठे मिळेल, आणि शेवटचा रकाना गृहीतकांचा. हा शेवटचा सगळे घाईत उरकायचे. ‘निधी वेळेवर येईल.’ ‘शासनाचा पाठिंबा कायम राहील.’ बाई नेमक्या तिथे लाल पेन काढायच्या. “कायम म्हणजे कधीपर्यंत?” त्यांनी स्वतः मलावीत बरीच वर्षं काम केलेलं, त्यामुळे त्यांच्या खवचटपणाला वजन होतं. हा तक्ता १९६९ मध्ये यूएसएडसाठी, म्हणजे परदेशांना मदत देणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेसाठी, तयार झाला.

मग तिसरं सेमिस्टर सुरू झालं आणि रटाळपणा संपला. ६ नोव्हेंबर २०२४ ला सकाळी ट्रम्प निवडून आल्याची बातमी, आणि त्याच संध्याकाळी चॅन्सेलर शोल्झ यांनी अर्थमंत्र्यांना काढून टाकलं, जर्मनीतलं आघाडी सरकार कोसळलं. २० जानेवारी २०२५ ला अमेरिकेने परदेशी मदत ९० दिवसांसाठी गोठवली. २५ फेब्रुवारीला ब्रिटनने मदतीचं प्रमाण २०२७ पर्यंत ०.५ टक्क्यांवरून ०.३ वर आणायचं जाहीर केलं. वाचलेला पैसा संरक्षणाला. १ जुलैपासून यूएसएडचं काम थांबलं आणि उरलंसुरलं परराष्ट्र खात्यात गेलं. यूएसएडचा तो तक्ता मात्र पुढच्या बॅचला अजून शिकवतात.

एप्रिल २०२५ मधला एक वर्ग सांगायलाच हवा, माझ्या ताऱ्यांतला मोठा वाटा त्याचा आहे. चौथ्या सेमिस्टरला सरकारी खरेदी आणि कंत्राटं असा एक ऐच्छिक पेपर होता. नाव ऐकूनच बहुतेकांनी नाक मुरडलं, आम्ही सात जण उरलो. वर्गातल्या केनियाच्या मैत्रिणीची जुनी संस्था अमेरिकी पैशावर एचआयव्हीच्या गोळ्या वाटायचं काम करायची. तिथे आलेली दोन पत्रं, नावं काळ्या शाईने झाकून, बाईंनी पडद्यावर लावली. पहिलं जानेवारीचं: काम थांबवा. दुसरं फेब्रुवारीअखेरचं: करार संपला. बाईंनी भाषण केलं नाही. करारातली कलमं आमच्या हातात दिली आणि म्हणाल्या, हे पत्र कुठल्या कलमाखाली निघालं ते शोधा.

अमेरिकी सरकारी कंत्राटांत ‘सरकारच्या सोयीसाठी’ करार संपवायची तरतूद असते. त्याला समोरच्याचा दोष लागत नाही. पत्रात तेच शब्द होते, आणि ते कलम त्या करारात सही झाली त्या दिवसापासून होतं. मग बाईंचे प्रश्न सुरू झाले. काम थांबलं त्या तारखेपर्यंतचे पगार कुणी द्यायचे? गोदामातल्या गोळ्या कुणाच्या मालकीच्या? भाड्याच्या गाड्या कुणाच्या नावावर? मैत्रीण एकेक सांगत गेली. गाड्या संस्थेच्या नावावर, त्यामुळे भाडं संस्थेच्या गळ्यात. गोळ्या गोदामात, आणि त्या वाटायची परवानगी कुणाकडून घ्यायची हे सांगणारा अधिकारी स्वतःच घरी बसलेला. मध्येच ती उठून बाहेर गेली, थोड्या वेळाने परत येऊन बसली आणि पुढचं कलम वाचायला घेतलं. तीन तास कसे गेले कळलं नाही. म्हापशात २०२० मध्ये आम्ही ‘सरकारने पैसे बंद केले’ एवढंच एकमेकांना सांगत बसलो होतो. आमच्याही करारात असली काहीतरी तरतूद असणारच. ती फाइल उघडून बघायचं तेव्हा कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

त्याच पेपरसाठी प्रत्येकाने आपल्या भागातला परदेशी पैशाचा एक प्रकल्प घ्यायचा होता आणि एकाच प्रश्नाला उत्तर द्यायचं होतं: पैसा थांबल्यावर तिथे काय उरलं? मी साळावली घेतलं. दक्षिण गोव्याला पाणी देणारी ही योजना वाढवायला आणि सोबत मलनिस्सारणाच्या कामांना २००७ मध्ये जपानकडून सुमारे २,२८० कोटी येनचं कर्ज मिळालं. करार जेबीआयसी या बँकेशी झाला, २००८ मध्ये ते काम जायका या जपानच्या सरकारी मदतसंस्थेकडे गेलं, आणि इकडे खणलेल्या प्रत्येक चराला लोक ‘जायकाचं काम’ म्हणू लागले. अभ्यासात मजा आली ती अशा तपशिलांत. परदेशी कर्ज केंद्र सरकार उचलतं आणि राज्याच्या पदरात घालतं. ते येनमध्ये, पाणीपट्टी रुपयात. मधल्या चढउताराची जोखीम कुणी घ्यायची हे कागदावर ठरलेलं असतं, पण नळाखाली बादली लावणाऱ्याला त्याची गंधवार्ता नसते. प्रकल्पात जलशुद्धीकरण केंद्र आणि वाहिन्या येतात; पंपांचं वीजबिल, गळती आणि मीटर वाचणारा माणूस पुढची तीस-चाळीस वर्षं इथल्या खात्याच्या माथी. फोनवर मामांना विचारलं, जायकाच्या कामातून काय उरलं हो तुमच्याकडे? “खणलेला रस्ता,” मामा म्हणाले. मी ते उत्तर तळटीपेत घातलं आणि बाईंनी त्यावर बरोबरची खूण केली.

दुसरं उदाहरण मी पणजीजवळच्या दोना पावलाचं दिलं. आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम, युनेस्कोच्या पाठिंब्याने डझनभराहून जास्त देशांनी मिळून केलेली, १९६५ मध्ये संपली. जहाजं आपापल्या बंदरांना गेली. भारताच्या वाट्याचं जे काम आणि जी माणसं उरली, त्यांतून १ जानेवारी १९६६ ला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था उभी राहिली. लहानपणी दोना पावलाला फिरायला जाताना या संस्थेच्या फाटकावरून आम्ही कितीदा तरी गेलो असू. ते एका संपलेल्या सहकार्याचं शिल्लक खातं आहे हे मला जर्मनीत बसून कळलं. वर्गात यावर तासभर वाद झाला. कोलंबियाचा मुलगा म्हणाला, संस्था उरली कारण पगार पहिल्यापासून भारत सरकार देत होतं, परदेशी पैसा फक्त जहाजांना आणि उपकरणांना लागला. माझ्या मते तो बरोबर होता, आणि प्रबंधात मी हाच धागा पुढे नेला.

आता कापलेले तारे.

भारत या अभ्यासक्रमात कायम हात पसरून उभा असतो. आयटेक हा आपला प्रशिक्षणाचा कार्यक्रम १९६४ पासून चालू आहे, २००३ मध्ये आपण बहुतेक छोट्या देणगीदार देशांना नमस्कार केला, २०१२ मध्ये परराष्ट्र मंत्रालयात विकास भागीदारीचा वेगळा विभाग आला, २०१८ च्या पुरानंतर केरळसाठी परदेशी सरकारांची मदत दिल्लीने नाकारली. या सगळ्याला दोन व्याख्यानं, तीही ‘उदयोन्मुख देणगीदार’ या मथळ्याखाली चीन-ब्राझीलबरोबर कोंबून. पाश्चात्त्य पैसा आटतोय म्हणून रडायचं आणि बाकीचा पैसा कसा चालतो ते शिकवायचं नाही, हे मला पटलं नाही. २०१६ ची ब्रिक्स परिषद बाणावलीला झाली हे मी सांगितलं तेव्हा सगळ्यांनी माना वळवून बघितलं. आमच्या आठवणीत त्या परिषदेचे फक्त रंगवलेले दुभाजक आहेत ते मी सांगितलं नाही.

दुसरी आणि मोठी तक्रार करिअर कक्षाची. २०२५ च्या मे महिन्यातही त्यांच्या कार्यशाळेत ‘संयुक्त राष्ट्रांत अर्ज कसा करावा’ यावरच्या जुन्याच स्लाइड चालू होत्या. त्याच सुमारास संयुक्त राष्ट्रांच्या संस्था माणसं कमी करत होत्या आणि मार्चमध्ये सरचिटणीस गुटेरस यांनी काटकसर-फेररचनेची यूएन ८० मोहीम जाहीर केली होती. प्रश्न विचारला तर उत्तर ‘नेटवर्किंग करा’. नेपाळच्या मुलीने हात वर करून विचारलं, कुणाशी? ज्यांच्याशी करायचं ते सगळे नोकरी शोधताहेत. खोलीत हशा पिकला, उत्तर आलं नाही. शिक्षकांनी दोन महिन्यांत अभ्यासक्रम वाकवून दाखवला, कचेरीला एक स्लाइड बदलता आली नाही.

इंटर्नशिपही शिकवून गेली, पण विद्यापीठाच्या मदतीने नव्हे. बॉनमधल्या एका संस्थेत माझं जवळजवळ ठरलं होतं. सरकार पडलं, बजेट लटकलं (२०२५ चं बजेट अखेर सप्टेंबर २०२५ मध्ये मंजूर झालं), आणि ‘पुढे कळवू’ असा मेल आला. मग मी ज्या शहरात राहायचे तिथल्या पाणीपुरवठा कंपनीकडे गेले. टांझानियातल्या एका गावाच्या पाणी विभागाशी त्यांची भागीदारी होती. पैसा फारसा नाही, वर्षातून दोन-तीन माणसं इकडून तिकडे आणि तिकडून इकडे. माझं काम नळातून गेलेलं पाणी आणि बिलात आलेलं पाणी यांतला फरक महिन्यामहिन्याने तक्त्यात मांडायचा. कंटाळवाणं वाटेल. पण तिकडच्या इंजिनिअरने व्हिडिओ कॉलवर गंजलेला व्हॉल्व्ह हातात धरून मला दाखवला आणि माझ्या आलेखातला मार्चचा खड्डा कुठून आला ते समजावलं, तेव्हा कोर्समधले कितीतरी जाड शब्द एकदम वापरात आले.

सध्या मी पर्वरीला एका सल्लागार कंपनीत आहे. पाणी आणि सांडपाण्याच्या प्रकल्पांचे करार, निविदा, अहवाल वाचते आणि कुठलं कलम पुढे जाऊन कुणाला अडकवेल ते मार्जिनमध्ये लिहिते. पगार जर्मनीतल्या ताटं विसळण्याच्या तासाच्या दराशी ताडून बघायचा नाही, असं मी ठरवलंय. केनियाची मैत्रीण नैरोबीला जिल्हा आरोग्य खात्याच्या हिशोब विभागात लागली. सासष्टीचा मुलगा लिस्बनला आहे. जीनिव्हाला आमच्या बॅचमधून एकही गेला नाही.

तुम्ही बी.ए. झाल्या झाल्या, मध्ये कुठेही काम न करता जाणार असाल तर थांबा, असं मी म्हणेन. पंचायतीत, संस्थेत, बँकेत, कुठेही दोन वर्षं काढा. नाहीतर कंत्राटाच्या कलमांत तुम्हाला झोप येईल. सरकारी खात्यात, पाणी-वीज-आरोग्यात असाल आणि रजा मिळत असेल तर जरूर जा. परदेशात कायम राहायचं हाच हेतू असेल तर या विषयावर बारा लाख अडकवू नका, एखादा तांत्रिक विषय घ्या. जर्मन भाषेचे वर्ग फुकट असतात, पहिल्या आठवड्यातच नाव घाला. माझ्या इंटर्नशिपला बी१ पातळीचा जितका उपयोग झाला तितका एकाही गुणपत्रिकेचा झाला नाही.

कागदांचं शेवटचं. ऑक्टोबरला जायचं तर एपीएसचा अर्ज आदल्या वर्षीच्या गणेश चतुर्थीपर्यंत टाकून मोकळे व्हा. जाड कोट इथून नेऊ नका, तिकडे जुन्या कपड्यांच्या दुकानात स्वस्तात मिळतो. सामानात दुधाचे पेढे चालत नाहीत, दुधाचे पदार्थ विमानतळावर काढून घेतात. सुकी सुंगटं, म्हणजे कोळंबी, चालतात.